श्रुतिका : कानांनी पाहावयाचे नाटक

केवळ ऐकण्यासाठी रचलेल्या नाटकास मराठीत श्रुतिका म्हणतात. नभोवाणीवरून सादर होत असल्यामुळे तिला 'नभोनाट्य' असेही नाव मिळाले. आज ती नभोवाणीपुरती उरलेली नाही. एक मोबाईल आणि चार-पाच उत्सुक मुले एवढ्या सामग्रीवर ती कोठेही तयार होऊ शकते. आपल्या निवासी शाळेत गेली काही वर्षे २० मार्च या दिवशी, महाड सत्याग्रहाच्या स्मरणार्थ, विद्यार्थ्यांनी तयार केलेली श्रुतिका सायंकाळच्या वंदनेनंतर ऐकविली जाते. ती कशी लिहिली जाते आणि कशी वठविली जाते, असे माजी विद्यार्थी व अन्य शाळांतील शिक्षकबंधू आम्हांस वारंवार विचारीत असतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर थोडे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

ऐकून जतन करणे ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाही. तथागतांचा उपदेश भिक्खुसंघाने कित्येक पिढ्या मुखोद्गत ठेवला. सिंहलद्वीपात तो लेखनबद्ध झाला तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. 'मी असे ऐकले आहे' या अर्थाच्या शब्दांनी सुत्तांचा आरंभ होतो आणि पुढे एकच वाक्य, एकच उपमा पुनःपुन्हा येत राहते. डोळ्यांनी वाचणाऱ्यास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. ऐकणाऱ्यास मात्र तिचा आधार असतो, कारण त्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही. श्रुतिका लिहिणाऱ्याने पहिली गोष्ट शिकावयाची ती हीच. पात्राचे नाव, स्थळ, नाते या गोष्टी एकदा सांगून भागत नाही; त्या निरनिराळ्या निमित्तांनी दोन-तीनदा कानावर पडाव्या लागतात.

खास नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून इंग्लंडमधील 'अ कॉमेडी ऑफ डेंजर' या छोट्या नाटकाचा उल्लेख होतो. रिचर्ड ह्यूज यांनी लिहिलेले हे नाटक बी.बी.सी.ने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केले. वेल्समधील कोळशाच्या खाणीत काही पाहुणे उतरले आहेत आणि अचानक दिवे जातात, अशी त्याची कल्पना. आम्हांस यातील युक्ती फार मोलाची वाटते. श्रोत्याला काही दिसत नाही ही या माध्यमाची उणीव. लेखकाने पात्रांनाही काही दिसू नये अशी व्यवस्था केली आणि श्रोता व पात्रे यांना एकाच अंधारात आणून बसविले. नवोदितांना आम्ही नेहमी सांगतो की पहिली श्रुतिका रात्रीची लिहा, वीज गेलेल्या खोलीतली लिहा, धुक्यातल्या वाटेवरची लिहा.

दुसरे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीचे नभोनाट्य सी.बी.एस. वरून सादर केले. मंगळावरून आक्रमण झाल्याच्या बातम्या मध्येच फुटून येत आहेत, अशी त्याची मांडणी होती. संपूर्ण अमेरिका भयाने रस्त्यावर आली, ही त्याविषयीची कथा पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. परंतु पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे की वृत्तपत्रांनी ती घबराट पुष्कळ फुगवून सांगितली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढी तपासणी केलीच पाहिजे. तरीही त्यातून एक गोष्ट निश्चित कळते: कोणत्या घाटात बोलले जाते यावर श्रोता विश्वास ठेवतो. तेच वाक्य निवेदकाने सांगितले तर गोष्ट होते आणि बातमीदाराने धापा टाकीत सांगितले तर घटना होते.

आपल्याकडे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ही तारीख वाचताना आमचे मन दरवेळी थोडे अडखळते. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षी २० मार्चला झाला. अवघ्या चार महिन्यांचे अंतर! अर्थात केंद्र आधी सुरू झाले असते तरी त्याचा ध्वनिक्षेपक महाडपर्यंत गेला असता, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. चवदार तळ्याकाठच्या त्या दिवसाचा आवाज कोणाजवळही नाही. आहेत ती छापील अक्षरे; ३ एप्रिल १९२७ पासून निघू लागलेल्या 'बहिष्कृत भारत'ची, आणि नंतर लिहिल्या गेलेल्या चरित्रांची. आमच्या मुलांची श्रुतिका त्या न मुद्रित झालेल्या आवाजाच्या जागी उभी राहते, आणि म्हणूनच ती कशीही रचून चालत नाही.

येथे इतिहास आणि नाटक यांच्यातील जुना तंटा उपस्थित होतो. संहिता लिहिण्यापूर्वी आम्ही मुलांकडून वहीत तीन रकाने आखून घेतो. पहिल्यात कागदोपत्री आढळणाऱ्या गोष्टी: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याविषयीचा रावबहादूर सी. के. बोले यांचा १९२३ चा मुंबई विधिमंडळातील ठराव, त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केलेला ठराव, १९ व २० मार्च १९२७ ची परिषद, तळ्यावर गेलेली मिरवणूक, मंदिरप्रवेशाची अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर झालेला हल्ला, नंतर एकशे आठ घागरी ओतून तळ्याचे केलेले 'शुद्धीकरण' आणि अखेर १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय. दुसऱ्या रकान्यात संभवनीय गोष्टी, आणि तिसऱ्यात निव्वळ आपण कल्पिलेल्या. पात्रे तिसऱ्या रकान्यातून घ्यावीत, पण त्यांचे पाय पहिल्या रकान्यात असावेत. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात लिहिले आहे की पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या वृद्धांपर्यंतचे प्रतिनिधी भाकरीची गाठोडी खांद्यावर टाकून दूरदुरून पायी आले होते, आणि परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. या दोन वाक्यांतून आमची मुख्य पात्रे जन्मली: सत्तरीचा आजा आणि पंधराचा नातू.

खुद्द बाबासाहेबांच्या बाबतीत आमचा नियम कडक आहे. त्यांच्या मुखी कल्पित वाक्य घालावयाचे नाही आणि त्यांच्या आवाजाची नक्कल करावयाची नाही. बाबासाहेबांचा आवाज जगाजवळ आहे. नभोवाणीचे महत्त्वही त्यांनी ओळखले होते. आपले सामाजिक तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता व बंधुत्व या तीन तत्त्वांवर उभे आहे आणि ती तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, हे त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरूनच सांगितले. मे १९५६ मध्ये त्यांचे बौद्ध धम्माविषयीचे भाषण बी.बी.सी.वरून प्रसारित झाले. अशा माणसाचा आवाज आठवीच्या मुलाने घसा खरवडून काढला, की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर नकळत हसू येते, आणि ते हसू प्रसंगाला मारून टाकते. म्हणून आमच्या श्रुतिकेत बाबासाहेबांचे शब्द हवे असतील तेथे एक विद्यार्थिनी ते छापील भाषणातून जसेच्या तसे, साध्या स्वरात वाचते. तळ्याकाठी तर ते बोलतच नाहीत. ते पाण्याकडे निघाल्याचे आपणांस गर्दीच्या बोलण्यातून कळते.

आता संवादाकडे वळू. नवा लेखक दोन टोकांना जातो. एक तर रंगमंचाची सवय असल्याने काहीच सांगत नाही, आणि श्रोता चाचपडत राहतो. किंवा श्रोत्याला दिसत नाही या धास्तीने पात्रांच्या तोंडून सगळे वर्णन करवितो. एका विद्यार्थ्याने पहिल्या खर्ड्यात नातवाच्या तोंडी असे लिहिले होते: "आजोबा, आपण आता महाडच्या मंडपात येऊन पोहोचलो आहोत, येथे हजारो लोक जमले आहेत, तुमच्या खांद्यावर भाकरीचे गाठोडे आहे आणि तुम्ही फार दमलेले दिसता." शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याच खांद्यावरचे गाठोडे कोणी सांगत नाही. तोच प्रसंग मुलांनी बसून पुन्हा लिहिला तो असा:

नातू : आजा, गाठोडं द्या इकडं.
आजा : राहू दे. भाकरीचं काय वझं होतंय?
नातू : किती मान्सं हायेत हो ही!
आजा : आधी पानी बघ कुठं हाय ते.
नातू : (दूर जाऊन परत येत) हाय पानी. इकत आनलंय म्हनतेत. चाळीस रुपयाचं.
आजा : (थांबून) तळं किती लांब हाय इथून?

मंडप, गर्दी, गाठोडे, थकवा, सारे यात आले. परंतु कोणी कोणास माहिती पुरविली नाही. प्रत्येकाला काहीतरी हवे आहे आणि तो ते मागत आहे. वर्णन मागणीच्या पोटातून आले की ते कानाला खटकत नाही. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही, हेही मुलांनीच ठरविले.

पात्रे थोडी असावीत. चार-पाच आवाजांपलीकडे श्रोत्याची ओळख टिकत नाही, आणि तेही परस्परांहून भिन्न हवेत: एक जाड, एक बारीक, एक सावकाश, एक घाईचा. सारख्या आवाजाची दोन मुले एका प्रवेशात ठेवली, तर कितीही उत्तम अभिनय असो, घोटाळा ठरलेला. जो बराच वेळ बोलत नाही तो श्रोत्याच्या लेखी प्रवेशातून निघून गेलेला असतो. त्याला खोकू द्यावे, हुंकार द्यावा किंवा दुसऱ्याने त्याला हाक मारावी. मुंबई आकाशवाणीवरील 'पुन्हा प्रपंच'मधील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही माणसे आमच्या वडीलधाऱ्यांना शेजाऱ्यांइतकी ओळखीची होती, ती या तीन आवाजांच्या वेगळेपणामुळेच. मात्र त्या प्रपंचातील घर आमच्या वस्तीतील घरासारखे नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

निवेदक असावा की नसावा, यावर पुष्कळ वाद घालता येईल. आमचा आदर्श महात्मा जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ च्या नाटकातील विदूषक होय. जोशी कुणब्याला फसवीत असताना तो विदूषक बाजूला उभा राहून त्या फसवणुकीवर भाष्य करतो, प्रेक्षकाला जागे ठेवतो. निवेदक असावा तर असा, स्वतःचे मत असलेला. केवळ "दुसऱ्या दिवशी सकाळी" एवढेच सांगण्यासाठी निवेदक ठेवू नये. ते काम कोंबड्याचे आरवणे अधिक चांगले करते.

ध्वनिसंकेतांविषयी विद्यार्थ्यांना सर्वाधिक उत्साह असतो. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटून घोड्याच्या टापा, पत्र्याचे तावदान हलवून गडगडाट, सुपात तांदूळ घोळवून पाऊस, बिस्किटाच्या पुड्याचा चुरचुरीत कागद चुरगाळून जाळ, घमेल्यात खडी घालून तीवर पाय वाजवून वाट. परंतु एक सावधगिरी बाळगावी. तोच चुरगाळलेला कागद श्रोत्याला जाळही वाटतो आणि पाऊसही वाटतो. एकटा ध्वनी मुका असतो. शब्दाने कानाला आधी दिशा द्यावी लागते, मग ध्वनी ती पक्की करतो: "चूल पेटली का गं?" असे कोणी विचारल्यानंतर आलेली चुरचुर ही चुलीचीच. जेथे शब्दाची गरज नाही तेथे ध्वनीचीही बहुधा नसते. उठला, बसला, वळला अशा प्रत्येक हालचालीला आवाज लावला की प्रवेशाचे भांड्यांचे दुकान होते.

आमच्या श्रुतिकेचा गाभा पाण्याचा आवाज. प्रथम तो वर्गात प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊन पाहिला. तो पातळ आणि न्हाणीघरातला येत होता. मग वसतिगृहामागील सिमेंटच्या हौदावर, पहाटे पाच वाजता, मोटार सुरू होण्याआधी, मुलांनी ध्वनिमुद्रण केले. एकाच ओंजळीचा आवाज: हात पाण्यात शिरतो, पाणी वर येते, बोटांतून थेंब परत हौदात पडतात. त्यानंतर घोट. मग काहीही नाही. त्या ठिकाणी संगीत हवे, जयघोष हवा, असा आग्रह काहींनी धरला होता. पण चार सेकंदांची शांतता ठेवावी असे ठरले. पाच सेकंद ठेवून पाहिले तेव्हा ऐकणाऱ्यांनी यंत्र बंद पडले की काय म्हणून मागे वळून पाहिले. चार सेकंदांनंतर दुसरी ओंजळ, मग तिसरी, मग मोजता न येणाऱ्या. आजा शेवटी पाणी पितो, आणि नातू विचारतो, "कसं लागतंय?" आजा म्हणतो, "पान्यावानी."

याच शब्दावरून आम्हांस भाषेच्या प्रश्नाकडे यावे लागते. आपल्या वसतिगृहात परभणी, हिंगोली, वाशिम, यवतमाळ या जिल्ह्यांतील मुले आहेत. त्यांच्या घरी पाणी 'पानी' असते. काही वर्षांपूर्वी अशीच एक गुणी विद्यार्थिनी आवाजाच्या चाचणीसाठी एका ठिकाणी गेली होती. तिचा आवाज स्वच्छ, दम चांगला, वाचनात समज. परंतु उच्चार शुद्ध नाहीत एवढ्या एका शेऱ्यावर तिला परत पाठविण्यात आले. प्रमाणभाषा शिकू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. वर्गात आम्ही स्वतः न आणि ण यांचा सराव करून घेतो, कारण परीक्षेत आणि मुलाखतीत तो लागतो. परंतु श्रुतिकेत माणूस म्हणजे त्याचा आवाजच. तेथे नायक, न्यायाधीश, निवेदक हे सदैव एका भाषेत बोलले आणि गडी, चोर, विनोदी शेजारी हे दुसऱ्या भाषेत बोलले, तर श्रोत्याच्या मनात न सांगता एक उतरंड रचली जाते. डोळ्यांनी पाहावयाच्या नाटकात वेष, उंची, चेहरा यांनी ती थोडी तरी झाकली जाते. येथे झाकण्यास काहीच नाही.

म्हणून भूमिका वाटताना आम्ही एक गोष्ट आग्रहाने करतो. छापील भाषण वाचणारी मुलगी ते छापल्याप्रमाणे वाचते, कारण तो दस्तऐवज आहे. निवेदन मात्र निवेदक आपल्या बोलीत करतो. आजा आणि नातू महाडच्या परिषदेला आलेले, म्हणजे ते कोकणातील असावेत आणि त्यांनी कोकणी वळणाने बोलावे, असा रास्त आक्षेप एका पाहुण्यांनी घेतला होता. तथापि हिंगोलीच्या मुलाने आणलेले कोकणी वळण सोंगासारखे ऐकू येते, आणि सोंगामागे दुःख पोहोचत नाही. चूक बोलीपेक्षा खरी बोली बरी, असा निर्णय आम्ही घेतला. श्रुतिकेच्या आरंभी तसे एका वाक्यात सांगूनही टाकतो.

सादरीकरणाच्या काही व्यावहारिक बाबी. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. येथे श्रोता एका वितीवर बसलेला आहे असे समजून बोलावे. जलशाची सवय असलेल्या आमच्या मुलांना हे जड जाते. भीमराव कर्डक यांच्या काळापासून आंबेडकरी जलशाने मैदानावरील जमावाशी बोलण्याची जी कला घडविली तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ती फडाची कला. श्रुतिकेत कुजबूज ही आरोळीहून मोठी ठरते. प, फ, ब, भ या वर्णांचा फुत्कार यंत्रावर आदळतो, तेव्हा तोंड किंचित तिरके ठेवावे. दूर जाणाऱ्या पात्राने खरोखरच मागे सरकत जावे. केवळ आवाज लहान करून दूरता येत नाही. संहिता पाठ करण्याची गरज नाही, पण पाने सुटी ठेवावीत, एकाच बाजूस लिहिलेली, आणि वाचून झालेले पान उलटू नये, अलगद खाली सोडावे. हसत बोललेले वाक्य न पाहताही हसरे ऐकू येते, हे मुलांना सांगून पटत नाही. दोन्ही प्रकारे ऐकवावे लागते. बसून बोलण्यापेक्षा उभ्याने बोलल्यास दम पुरतो.

जागेसाठी फार खर्च नको. वसतिगृहातील कोपऱ्याच्या खोलीत तिन्ही भिंतींवर गोधड्या टांगल्या की घुमणारा आवाज बसतो. पंखा बंद, मोबाईलचे नेटवर्क बंद, खिडकीबाहेर कावळे नाहीत ना ते पाहावे. प्रथम अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ऐकावे, मगच पुढे जावे. लांबीचा अंदाज असा की संथ मराठी बोलण्यात मिनिटाला सुमारे एकशे वीस शब्द जातात. पंधरा मिनिटांच्या श्रुतिकेस ध्वनी व विराम धरून दीड हजार शब्द पुष्कळ झाले. मुले हमखास तीन हजार लिहून आणतात. काटछाट करताना कोणाचे वाक्य गेले यावरून रुसवेफुगवे होतात, तेव्हा आम्ही संहिता मोठ्याने वाचवून घेतो आणि ऐकणाऱ्या लहान वर्गातील मुले कोठे चुळबुळ करतात तेथे खूण करतो. त्या खुणांपुढे वाद चालत नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची दृष्टी नाही. तो दरवर्षी श्रुतिका दूरध्वनीवरून मागवून घेतो आणि दोष कळवितो. गेल्या वर्षी त्याने कळविले की मंडपात गर्दी आहे असे पात्रे सांगतात, पण त्यांच्या पावलांखालची जमीन रिकाम्या खोलीसारखी वाजते. यंदा मुलांनी तो प्रवेश मैदानावर, प्रार्थनेसाठी सर्व वर्ग जमले असताना मुद्रित केला. संहितेच्या दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयात सुट्या पानांनी बांधून ठेवल्या आहेत. ज्या शाळांना हव्या असतील त्यांनी नकलून घ्याव्यात, आणि आजा-नातवाचे संवाद आपल्या गावच्या बोलीत फिरवून घ्यावेत.